पाळणा लांबवायचं बोलणं बाळंतपणाआधीच: हातावर पोट असलेल्या जोडप्यासोबत गर्भनिरोधनाची आखणी कशी करावी

बाळंतपण होऊन पुरती रात्रही उलटलेली नसते आणि कुणीतरी खाटेपाशी येऊन विचारतं, "मग पुढं काय ठरवलंय?" बाईचे टाके ओले, डोळ्यांवर झोप, कुशीत एक दिवसाचं बाळ. नवरा औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर धावतोय. ती म्हणते, "यांना विचारून सांगते." मग दीड महिन्यांनी दाखवायला यायचं राहून जातं आणि पुन्हा भेट होते तेव्हा तिला चौथा महिना लागलेला असतो. खाटेपाशी जाऊन हा प्रश्न विचारणारी बाई पहिली दोन वर्षं मीच होते, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

गरोदर जोडप्यांसोबत काम करणाऱ्या परिचारिका, समुपदेशक आणि वस्तीतले कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहिते आहे. एखाद्या जोडप्याला स्वतःहून वाचायचं असेल तर तेही वाचू शकेल, औषधशास्त्र फारसं नाही यात. गोळी कुठली नि तांबी (गर्भपिशवीत बसवायची कॉपर-टी) कुठली हा भाग पंधरा मिनिटांत समजावून होतो. त्याच्या आधी आणि नंतर जे करावं लागतं, त्यालाच खरा वेळ जातो.

केव्हा बोलायचं

सातवा महिना लागला की. त्याआधी उलट्या, तपासण्या, काळजी यांतच जोडपं गुंतलेलं असतं आणि नववा लागल्यावर डोक्यात फक्त बाळंतपण असतं. सातव्या-आठव्यात दोन-तीन भेटी मिळाल्या तर पुरे.

एवढी घाई कशाला, असं विचारणारे भेटतात. बहुतेकांचा समज असा की पाळी सुरू झाल्याशिवाय दिवस राहत नाहीत. पण स्त्रीबीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. बाळाला अंगावर पाजत नसलेल्या बाईचं बीज बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यातही सुटू शकतं, म्हणजे तिसरा आठवडा संपायच्या आत काहीतरी सोय हवी. "पाळी आली की बघू" म्हणणाऱ्यांपैकी काहींना ती पाळी दिसतच नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की एका बाळाच्या जन्मानंतर पुढचे दिवस राहण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, आणि गर्भपात झाला असेल तर किमान ६ महिने. हे अंतर १८ महिन्यांपेक्षा कमी असेल तर बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. हा आकडा मी जोडप्याला महिन्यांत सांगत नाही. मी विचारते, "हे बाळ धावायला लागलं असेल तेव्हा दुसरं पोटात असावं, की हे मांडीवर असतानाच?" उत्तर आपसूक येतं.

आधी तिच्याशी एकटीशी

दोघांना एकत्र बसवण्याआधी दहा मिनिटं ती एकटी हवी. यासाठी नवऱ्याला बाहेर काढायचा प्रसंग आणायचा नाही. वजन-रक्तदाब बघायला, लघवीचा नमुना घ्यायला ती आत येतेच, तेव्हाच बोलून घ्यायचं.

विचारायचं काय? मूल कधी हवं, किती हवीत, हे घरात कोण ठरवतं? याआधी काही वापरलं होतं का, ते का सोडलं? तुझ्या गोळ्या कधी कुणी लपवल्या, फेकल्या? नको म्हणालीस तर काय होतं? शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसायचं. माझा अनुभव असा की उत्तर लगेच येत नाही, पदराशी चाळा होतो, मग येतं.

मारहाण किंवा जबरदस्ती असेल तर नवऱ्याला सोबत घ्यायचा विचार तिथंच सोडायचा. तिला हवी ती पद्धत तिच्यापुरती ठेवायची. इंजेक्शनची घरात काही खूण राहत नाही. तांबीचा दोरा आखूड कापता येतो. दंडात बसवायचं इम्प्लांट मात्र कातडीखाली हाताला लागतं, हे तिला आधीच सांगायचं. कार्डावर काही लिहायचं की नाही, तेही तीच ठरवेल.

आणखी एक. नवरा आला नाही म्हणून बाईचं काही अडता कामा नये. "जोडीनं या" हे आग्रहाचं आमंत्रण असावं, अट नव्हे. जोडप्यासोबत काम करण्याच्या उत्साहात काही ठिकाणी नवऱ्याची सही मागायला लागतात. सहभाग म्हणून सुरू केलेल्या गोष्टीची परवानगी होऊन बसते. शरीर तिचं, शेवटचा शब्द तिचा. पुरुष नसबंदी असेल तर त्याचा.

नवऱ्याला कसं बोलवायचं

तो येत नाही म्हणजे त्याला पर्वा नाही, असं धरून चालू नका. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि बाळंतपण तोंडावर असताना प्रत्येक दिवस मोजलेला असतो. त्यामुळे वेगळा फेरा मागायचा नाही. सोनोग्राफीच्या दिवशी तो बहुधा येतोच, तो दिवस धरा. नाहीतर संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढा.

निरोप बायकोच्या हाती देऊ नका. तिनं सांगितलं की ती तक्रार वाटते, तुम्ही सांगितलं की ते बोलावणं असतं. माझा निरोप असा असतो: "दादा, बाळंतपणाला गाडी कुठली, सोबत कोण, पैसे किती बाजूला ठेवायचे आणि पुढचं मूल कधी, हे चार मुद्दे ठरवायचेत. तुमच्याशिवाय व्हायचे नाहीत." चौथा मुद्दा लपवायचा नाही. दुसऱ्याच कारणानं बोलावून हा विषय काढला तर तो पुन्हा येत नाही.

आल्यावर त्याला आधी बसायला जागा द्या. हसाल, पण बायकांच्या तपासणीच्या खोलीत पुरुषासाठी खुर्ची नसते. तो बायकोची पिशवी हातात धरून दाराशी उभा असतो आणि उभा असलेला माणूस निघायच्या तयारीत असतो. आमच्याकडे एक जादा खुर्ची आणल्यावर माझं बोलणं सरासरी दुप्पट वेळ चालायला लागलं, यात माझ्या कौशल्याचा भाग किती ते देव जाणे.

एकत्र बसल्यावर पद्धतींचं नाव काढू नका

पाकिटं आणि तांबी टेबलावर मांडून सुरुवात केली की एकजण गोळीकडे बोट दाखवतो, दुसरा मान हलवतो आणि दोन मिनिटांत "ठरलं" होतं. ठरलेलं काहीच नसतं.

मी एक साधी गोष्ट करते. दोघांनी हात पाठीमागं घ्यायचे, या बाळानंतर दुसरं किती वर्षांनी हवं तेवढी बोटं मोजायची, नको असेल तर मूठ वळायची. मी तीन म्हटलं की दोघांनी एकदम हात पुढं करायचे. एका जोडप्यात त्यानं चार बोटं काढली, तिनं एकच. मी धरून चालले होते की नेमकं उलटं होईल. तिचं म्हणणं असं की दोन्ही बाळंतपणं लागोपाठ उरकली की ती कायमची कामावर परत जाऊ शकेल. एकदाच खाडा. त्याला वाटत होतं, आधी डोक्यावरचं कर्ज फिटू दे. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि दोघांनी हे एकमेकांना कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी पद्धतींपर्यंत आम्ही पोचलोच नाही. तिला फक्त अंतराचा धोका सांगितला आणि पुढची तारीख दिली. पुढच्या वेळी दोघांची तीन-तीन बोटं होती.

काही जोडप्यांना काहीच वापरायचं नसतं. त्यांना धोका सांगायचा, दार उघडं ठेवायचं, आणि तिथंच थांबायचं.

आता पद्धती, पण वेळेच्या क्रमानं

पद्धतींची यादी वाचून दाखवण्यापेक्षा "बाळंतपणानंतर केव्हा काय मिळू शकतं" असं सांगितलं की जोडप्याला ते धरून ठेवता येतं.

*बाळंतपणाच्या खोलीतच:* तांबी. वार पडल्यावर १० मिनिटांच्या आत बसवली तर उत्तम, नाहीतर ४८ तासांपर्यंत. ती वेळ हुकली की चार आठवडे थांबायचं. सिझेरियनमध्येही बसवता येते. ताप, गर्भपिशवीत जंतुसंसर्ग किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर त्या वेळी बसवत नाहीत. चांगली बसलेली तांब्याची ३८०-ए तांबी १० वर्षं किंवा अधिक काम करते, दुधावर तिचा काही परिणाम नाही, आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. लगेच बसवलेली तांबी निसटून पडण्याची शक्यता नंतर बसवलेल्यापेक्षा जास्त असते. ही गोष्ट लपवणारे समुपदेशक मी पाहिलेत, कारण त्यांना आकडा पूर्ण करायचा असतो. लपवू नका. दोरा तपासायला शिकवा आणि पडली तर काय करायचं ते आधीच सांगा.

इम्प्लांट, म्हणजे दंडात कातडीखाली बसवायची काडेपेटीच्या काडीएवढी लवचीक कांडी, हीसुद्धा जिथं मिळते तिथं घरी जायच्या आधी बसवता येते. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. प्रकारानुसार ३ ते ५ वर्षं. सगळ्या पद्धतींत सर्वांत कमी फसणारी हीच, पण पाळीचं वेळापत्रक पार बिघडवते.

स्त्री नसबंदी पहिल्या ७ दिवसांत, नाहीतर सहा आठवड्यांनंतर. ती कायमची आहे. त्यामुळे कळा सुरू असताना पहिल्यांदा काढलेला नसबंदीचा विषय आणि तेव्हा मिळालेला होकार मी होकार धरत नाही.

*पहिले सहा महिने:* अंगावर पाजणं हीच एक पद्धत होऊ शकते, पण तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या तरच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. पाळी परत आलेली नको. बाळ फक्त अंगावर हवं. पाणी नाही, वरचं दूध नाही, दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा मोठा खंड नाही. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथं जमलेल्या तज्ज्ञांनी हे सूत्र मांडलं, आणि ते पाळलं तर शंभरात ९८ जणींना दिवस राहत नाहीत. फुकट आहे, घरचं आहे. पण आमच्या बायका दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कामाला जातात, बाळ मोठ्या बहिणीकडे किंवा आजीकडे राहतं आणि तिसरी अट मोडते. तेव्हा हिच्यावर भरवसा ठेवणाऱ्या जोडप्याला एकच प्रश्न विचारा: "कामावर परत कधी?" त्या तारखेच्या आधी दुसरी पद्धत हातात हवी.

*बाळ अंगावर असताना चालणाऱ्या गोळ्या* म्हणजे फक्त प्रोजेस्टोजेन या एका संप्रेरकाच्या. नेहमीच्या मिश्र गोळ्यांत इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरकही असतं. त्या पाजणाऱ्या बाईनं पहिल्या सहा आठवड्यांत घ्यायच्याच नाहीत आणि शक्यतो सहा महिन्यांपर्यंत टाळायच्या. न पाजणाऱ्या बाईनंही किमान तीन आठवडे थांबायचं, कारण बाळंतपणानंतर रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढलेला असतो. घरात जावेच्या किंवा बहिणीच्या उरलेल्या गोळ्या असतात आणि "गोळी ती गोळी" म्हणून सुरू होतात. नवऱ्याला पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये काढून द्या आणि हेच आणायचं, दुसरं नाही, असं बजावा.

*सहा आठवड्यांनी:* तीन महिन्यांचं इंजेक्शन. पाजणाऱ्या बाईला बहुधा तेव्हापासून देतात. सोडल्यावर पुन्हा दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. दोन वर्षांनी लगेच मूल हवं असणाऱ्यांना हे आधी कळायला हवं. तारीख चुकली तरी चार आठवड्यांपर्यंत उशिरा घेता येतं. "तारीख गेली, आता काय जायचं" म्हणून घरी बसायचं नाही.

*नवऱ्याच्या हातातलं:* कंडोम पहिल्या दिवसापासून चालतो. लैंगिक आजार आणि एचआयव्हीपासून वाचवणारी एवढी एकच पद्धत आहे. दर वेळी आणि नीट वापरला तर वर्षात शंभर जोडप्यांपैकी दोघांना दिवस राहतात, प्रत्यक्षात लोक वापरतात तसा वापरला तर तेरांना. अकरांचा हा फरक म्हणजे "आजचा एक दिवस" एवढाच असतो. पाजणाऱ्या बाईला कोरडेपणा येतो, मग घरातलं तेल लावलं जातं आणि तेलानं कंडोमचं लॅटेक्स (रबर) फाटतं. पाण्याचा आधार असलेलं वंगणच वापरायचं.

पुरुष नसबंदी बाईच्या नसबंदीपेक्षा सोपी आणि सुरक्षित, टाकेही नावापुरते. ताकद जात नाही, इच्छा जात नाही, वीर्यही येतं, त्यात शुक्रजंतू नसतात एवढंच. पण परिणाम यायला तीन महिने लागतात. तेवढे दिवस दुसरं काहीतरी वापरायचं आणि शेवटी वीर्याची तपासणी करून घ्यायची. ही तपासणी सगळे विसरतात, आणि मग दिवस गेले की संशय बाईवर. घर मोडायची वेळ आलेली मी पाहिली आहे, एका न केलेल्या तपासणीपायी. नसबंदी बाळंतपणाआधी करता येते का, असं विचारणारे असतात. करता येते, पण मी "बाळ हाती येऊ दे, मग" असंच सुचवते.

आणि चूक झालीच तर आणीबाणीची गोळी. जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत, उशिरात उशिरा पाच दिवसांपर्यंत. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी पाजणाऱ्या बाईला चालते. रोजची पद्धत म्हणून मात्र नाही.

फेऱ्यांचा हिशोब

पद्धत फुकट मिळाली म्हणजे ती फुकट पडली असं नसतं. जोडप्यासमोर कागद घ्या आणि एका वर्षाच्या फेऱ्या लिहा. गोळ्या: महिन्याला एक, म्हणजे बारा, जास्तीची पाकिटं एकदम मिळाली तर चार. इंजेक्शन: चार. तांबी: एक-दोन तपासण्या. प्रत्येक फेरीपुढं लिहा, कुणाचा खाडा, प्रवासाला किती, मोठं मूल कुणाकडे. तेव्हा नवरा पहिल्यांदा पेन हातात घेतो, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

या हिशोबात तांबी आणि इम्प्लांट नेहमी जिंकतात, आणि इथंच आपण सावध व्हायचं. गरीब आहेत म्हणून लांब टिकणारी पद्धत गळ्यात मारायची हा जुना रोग आहे. पद्धत माणसानं माहिती घेऊन, आपल्या मर्जीनं निवडावी हे १९९४ मध्ये कैरोत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या परिषदेत देशांनी मान्य केलं, ते काही उगाच नाही. तेव्हा कागदावर आणखी एक ओळ घाला: काढायची झाली तर कुठं, किती फेऱ्या, किती पैसे? बसवायला एका तासात आणि काढायला चार चकरा, असं असेल तर तसं सांगा. जी सहज काढून मिळणार नाही, ती बसवायचा आग्रह मी धरत नाही.

बिघडलं तर काय, याची रंगीत तालीम

पद्धती बऱ्याचदा सुटतात त्या पहिल्या काही महिन्यांत, आणि नेहमीचं कारण: अंगावरून जास्त जातं किंवा मध्येच ठिपके दिसतात. घरातलं कुणी म्हणतं "उष्णता झाली", कुणी म्हणतं "तांबी वर चढली", आणि बाई एकटी पडते. नवऱ्याला हे आधी माहीत असेल तर तो दोन वाक्यं बोलू शकतो. म्हणून मी त्याच्याकडून ती बोलूनच घेते. "समजा दुसऱ्या महिन्यात हिला आठ दिवस अंगावरून गेलं. घरी म्हणाले, काढून टाक. तुम्ही काय म्हणाल?" लाजत, अडखळत का होईना, त्याला त्याच्या शब्दांत म्हणू द्या.

मात्र कशाला थांबायचं नाही तेही त्याच बैठकीत सांगा. तांबीनंतर ताप, घाण वासाचं पाणी जाणं, ओटीपोटात तीव्र दुखणं. मिश्र गोळ्यांवर असताना पोटरी सुजणं, छातीत कळ, दम लागणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं. कुठल्याही पद्धतीवर असताना तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव. त्या दिवशी खाडा पडला तरी चालेल.

कार्ड

शेवटी एक कार्ड भरायचं. त्यावर पहिली पसंती, ती जमली नाही तर दुसरी, केव्हा, कुठं, सोबत कोण, आणि सर्वांत खाली "असं झालं तर" च्या दोन ओळी. वाचता येत नसेल तर चित्रं काढा, मोबाइलमध्ये गजर लावून द्या. पहिली पसंती बाळंतपणाच्या फाइलीवर मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर त्या रात्रीच्या ड्यूटीवरच्या माणसाला काही कळत नाही. आणि वेळ आली की पुन्हा तिला विचारा, "अजून हेच हवंय का?" नाही म्हणाली तर नाही.

पुढची भेट बाळाच्या लसीला जोडा. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला बाळ येणारच असतं. आईसाठी वेगळा दिवस मागाल तर येणार नाही. तिथं तीन प्रश्न पुरेत: बाळाला वरचं काही सुरू केलं का, पाळी आली का, ठरवलेलं चालू आहे का?

त्या तीन-तीन बोटांच्या जोडप्यानं तांबी ठरवली होती, बाळंतपणानंतर तासाभरात बसलीही. दहाव्या आठवड्याच्या लसीला ती आली नाही, तोच आला, बाळाला घेऊन. शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेलं कार्ड काढलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "दोरा लागत नाही म्हणती. चार दिवस झाले. तोवर हे वापरतोय," आणि बोट दुसऱ्या पसंतीवर नेलं. तांबी पडलीच होती. पुढच्या आठवड्यात तिनं येऊन नवीन बसवून घेतली. खुर्चीवर या वेळी तो न सांगता बसला होता.